न निवडलेल्या वाटेचा हिशेब

जुलै 1990, लॉर्ड्स. नाणेफेक जिंकून भारताचे कर्णधार अझरुद्दीन यांनी क्षेत्ररक्षण घेतले. ग्रॅहम गूच 36 धावांवर असताना संजीव शर्माच्या चेंडूवर यष्टिरक्षक किरण मोरे यांच्या हातून त्याचा झेल सुटला. गूचने 333 धावा केल्या, इंग्लंडने 4 बाद 653 वर डाव सोडला आणि भारत 247 धावांनी हरला. मोरे आमच्या बडोद्याचे. त्यामुळे ‘तो झेल घेतला असता तर’ हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो.

मेंदूच्या दृष्टीने मात्र त्या दिवशीच्या या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सुटलेला झेल ही हालचालीतली चूक. तिची दुरुस्ती मुख्यतः लहान मेंदू सरावातून करतो. नाणेफेकीनंतरचा कौल ही निवड, आणि निवडीतून शिकण्याची यंत्रणा निराळी. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून ती उलगडली. फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी उसळतात. ठरलेला रस मिळाला तर शांत राहतात. ठरलेल्या वेळी तो मिळालाच नाही तर मंदावतात. मेंदू शिकतो तो मिळकतीतून नव्हे, अपेक्षा आणि मिळकत यांच्यातल्या फरकातून. 1997 साली शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी हे गणिताच्या भाषेत मांडले.

पण न निवडलेल्या पर्यायाचे काय? 2016 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले एक संशोधन मला विलक्षण वाटते. कंपवाताच्या 17 रुग्णांवर मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया चालू होती. रुग्ण जागे होते आणि शेअरबाजाराचा खेळ खेळत होते. त्याच वेळी त्यांचे डोपामिन क्षणोक्षणी मोजले जात होते. थोडेच पैसे लावले आणि बाजार चढला, तर फायदा होऊनही डोपामिन घसरले. बाजार पडला, तर तोटा होऊनही ते वाढले. ‘जास्त लावले असते तर?’ हा हिशेब त्याच रसायनात मिसळलेला होता.

कपाळामागचा, डोळ्यांच्या खोबणीवरचा भाग निकामी झालेल्या रुग्णांना हा हिशेब जमत नाही, हे 2004 मध्ये फ्रेंच संशोधकांना दिसले होते. हरल्यावर ते निराश होत. पण दुसरा पर्याय निवडला असता तर जिंकलो असतो, हे कळूनही त्यांना हळहळ वाटत नसे. पुढच्या निवडीही त्यातून सुधारत नसत. म्हणून हळहळीला दुबळेपणा म्हणणे मला मान्य नाही.

तिच्यात एक धोका मात्र आहे. न घेतलेल्या शेअरचा भाव दुसऱ्या दिवशी छापून येतो. न घेतलेल्या निर्णयाचा धावफलक कुठेच लागत नाही. लॉर्ड्सवर आधी फलंदाजी घेतली असती तर काय झाले असते, हे कुणीही पाहिलेले नाही. अशा वेळी मेंदू कल्पनेतला निकाल खरा धरतो आणि चुकीचा धडा घेतो.

मोरे यांनी पुढे बडोद्यात अकादमी काढली. हार्दिक आणि कृणाल पंड्या तिथलेच. मुलांना मैदानावर पाठवणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे. झेल सुटला तर प्रवचन नको, आणखी झेल द्या. मूल चुकीचा फटका मारून बाद झाले, तर धावा विचारण्याआधी त्या चेंडूवर आणखी काय करता आले असते, ते त्याच्याकडूनच ऐकून घ्या.