मांजर हवे आहे?

मांजर पाळण्याची आवड फार जुनी आहे. हजरत अबू हुरैरा यांच्या नावाचा अर्थच 'मांजरीच्या पिल्लाचे वडील' असा होतो.

मांजरांची संख्या मात्र झपाट्याने वाढते. पाच-सहा महिन्यांच्या मांजरीलाही पिल्ले होऊ शकतात. ती सुमारे दोन महिने गाभण असते आणि एका वेळी बहुधा ३ ते ५ पिल्ले देते. असे वर्षातून दोन-तीनदा घडते. तोवर पहिली पिल्लेही मोठी झालेली असतात! इतक्या पिल्लांना घर कोठून मिळणार? मग कोणीतरी ती पोत्यात घालून मासळी बाजाराजवळ सोडून येतो. डोळे न उघडलेली पिल्ले आईच्या दुधावाचून तडफडून मरतात.

यावर नसबंदी हा उपाय आहे. पशुवैद्य गुंगीचे औषध देऊन ही शस्त्रक्रिया करतात. काही लोक याला जुलूम म्हणतात. पोत्यातल्या पिल्लांवर होतो तो जुलूम त्यांना दिसत नाही.

बाजारात लांब केसांच्या मांजरासाठी हजारो रुपये मोजले जातात. दुसरीकडे, टाकून दिलेली मांजरे प्राणिदया संस्थांच्या आश्रयाला असतात. मुंबईत अशी एक संस्था १८७४ साली स्थापन झाली. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय तिचेच. अशा संस्थांकडून मांजर दत्तक घेता येते. तेथे घरची चौकशी करतात. त्याचा राग मानू नये.

नवे मांजर काही दिवस पलंगाखाली लपून बसते. त्याला ओढून बाहेर काढू नये. पाण्याची वाटी जवळ ठेवावी. ते तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्यावी.