डिस्क निम्म्यावर का अडते? : दुहेरी थराच्या डीव्हीडीतला लेअर ब्रेक

आज आपण दुहेरी थराच्या डीव्हीडीबद्दल बोलणार आहोत. दुकानात तिला ‘डीएल डिस्क’ म्हणतात, कुणी ‘डीव्हीडी नाइन’ म्हणतं. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात, हिच्यावर ८.५. नाटकाचं पूर्ण चित्रीकरण, लग्नाची तीन तासांची फिल्म, एखाद्या संस्थेचा वार्षिक कार्यक्रम, असं काही एकाच डिस्कवर बसवायचं झालं की हीच घ्यावी लागते. आणि मग तक्रार येते ती ठरलेली : ‘पन्नास टक्क्यांवर अडकली’, नाहीतर ‘कॉम्प्युटरवर चालते, पण टीव्हीच्या प्लेअरवर मध्येच थांबते’.

आता कुणी म्हणेल, आजच्या काळात डिस्क बर्न कोण करतं? करतात. घरोघरी व्हीएचएस आणि मिनी डीव्ही कॅसेट पडून आहेत, त्या चालवणारी यंत्रं एकेक करून बंद पडताहेत. मिनी डीव्हीचं एका तासाचं चित्रण कॉम्प्युटरवर साधारण १३ जीबी जागा खातं, म्हणून डिस्क तयार झाली की लोक मूळ फाइल पुसून टाकतात आणि कॅसेट रद्दीत देतात. डिस्क एकदाच लिहिता येते, मागाहून दुरुस्त करता येत नाही. तिच्या मध्यावर काही बिघडलेलं असेल तर ते सहा महिन्यांनी कळतं, आणि तोवर मूळ हाताशी राहिलेलं नसतं. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायचा.

जाणं आणि परत येणं

आधी डिस्कची रचना बघू. हिच्यात माहितीचे दोन थर असतात, एकावर एक, मध्ये साधारण ५५ मायक्रॉनची पारदर्शक फट. वरचा पहिला थर अर्धपारदर्शक असतो. लेसर आधी पहिल्या थरावर लिहितो, मग त्याच थरातून आरपार जाऊन दुसऱ्यावर. दोन थर म्हणजे ४.७ च्या दुप्पट, ९.४ जीबी का नाही? कारण दोन थरांची वाचनात सरमिसळ होऊ नये म्हणून यातल्या खुणा थोड्या लांब ठेवल्या आहेत. साध्या डिस्कवर सर्वांत लहान खूण ०.४० मायक्रॉन असते, इथे ०.४४. लांब खुणा म्हणजे कमी माहिती. म्हणून प्रत्येक थराला सव्वाचार जीबीच येतात.

व्हिडिओच्या डिस्कवर लेसर पहिल्या थरावर आतून बाहेर जातो. बाहेरच्या कडेपाशी, किंवा आपण सांगू तिथे, थांबतो, दुसऱ्या थरावर नजर स्थिर करतो आणि बाहेरून आत परत येतो. ज्या ठिकाणी तो थर बदलतो, तो लेअर ब्रेक.

यातून दोन नियम निघतात. पहिला : जितकं बाहेर गेलो तितकंच आत परत येता येतं, त्याहून जास्त नाही. म्हणजे दुसऱ्या थरावरचा मजकूर पहिल्यापेक्षा जास्त असू शकत नाही. ब्रेक एकूण मजकुराच्या मध्यावर किंवा त्याच्या पुढेच हवा. दुसरा : पहिल्या थरालाही मर्यादा आहे. डीव्हीडी प्लस आर डीएल डिस्कवर ती २०,८६,९१२ सेक्टरची असते. एक सेक्टर म्हणजे २,०४८ बाइट. म्हणजे ब्रेक कुठे घ्यायचा याची एक खिडकी तयार होते. मध्यावर ती उघडते आणि वीस लाख शहाऐंशी हजारांवर बंद होते.

खिडकी किती रुंद?

इथे जरा आकडेमोड करू, कारण बहुतेक चुका याच ठिकाणी कळतात. चित्रणाचा सरासरी वेग सेकंदाला ६ मेगाबिट धरू, म्हणजे पाऊण मेगाबाइट.

मजकूर ३२ लाख सेक्टरचा असेल, साधारण ६.५५ जीबी, तर मध्य येतो १६ लाखांवर. खिडकी उरते जवळजवळ १ जीबीची, म्हणजे बावीस मिनिटांची. निवडायला भरपूर जागा. मजकूर ३८ लाख सेक्टर झाला की खिडकी साडेआठ मिनिटांवर येते. आणि ४१ लाख सेक्टर, ८.४ जीबी, डिस्क जवळजवळ काठोकाठ? मग जेमतेम एक मिनिट चाळीस सेकंद!

म्हणजे डिस्क जितकी गच्च भराल तितकी ब्रेकची निवड तुमच्या हातातून जाते. आणि नुसती खिडकी मिळून भागत नाही. व्हिडिओ डिस्कवर ब्रेक ‘सेल’च्या सुरुवातीलाच घ्यावा लागतो. सेल म्हणजे चित्रणाचा एक तुकडा. आपण प्रकरणं पाडतो, चॅप्टर देतो, तेव्हा प्रत्येक प्रकरणापाशी नवा सेल सुरू होतो. शिवाय तो सेल १६ सेक्टरच्या गठ्ठ्याच्या सुरुवातीला यावा लागतो, पण ते काम सॉफ्टवेअर आधी थोडी रिकामी जागा भरून आपलं आपण करतं. सेल मात्र आपणच द्यायचा असतो.

आता चुकांकडे वळू. लेअर ब्रेकची चूक तीन ठिकाणी दिसते : बर्न सुरू होण्याआधी, बर्न चालू असताना, आणि बर्न झाल्यावर. तिन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे. लोक घोटाळा करतात तो इथेच. पहिल्या प्रकारची चूक असते आणि डिस्कचा ब्रँड बदलतात, दुसऱ्या प्रकारची असते आणि फिल्म पुन्हा एडिट करायला बसतात.

बर्नच्या आधी : ‘योग्य सेल सापडला नाही’

इमेजबर्नसारखं सॉफ्टवेअर खिडकीत येणाऱ्या सेलची यादी दाखवतं आणि त्यातला एक निवडायला सांगतं. यादी रिकामी असली तर ते तिथेच थांबतं. याचा डिस्कशी काही संबंध नाही, रायटरशीही नाही. खिडकीत एकही सेल सुरू होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तीन तासांचं नाटक घ्या, ६ मेगाबिटने. मजकूर होतो ८.१ जीबी. मध्य नव्वदाव्या मिनिटाला, आणि पहिला थर संपतो पंचाण्णवाव्या मिनिटाला. म्हणजे या पाच मिनिटांत एक प्रकरण सुरू व्हायला हवं. तुम्ही अंकागणिक प्रकरणं पाडली असतील आणि या पाच मिनिटांत अंक बदलत नसेल, तर यादी रिकामीच येणार. उपाय सोपा आहे : ऑथरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये परत जा, त्या पाच मिनिटांत शांत जागा बघा आणि तिथे एक प्रकरण द्या. रंगमंचावर अंधार होतो तो क्षण, प्रवेश बदलतो ती जागा, टाळ्या संपून पडदा उघडायच्या आधीचे दोन सेकंद. गाण्याच्या मध्ये किंवा वाक्याच्या मध्ये कधीच नाही. कारण थर बदलताना प्लेअरला क्षणभर थांबावं लागतं, आणि तो क्षण बघणाऱ्याला जाणवतो.

मध्यंतर म्हणजे या कामासाठी सोन्यासारखी जागा. पण समजा मध्यंतर अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आहे. खिडकीच्या दोन मिनिटं आधी. मग? वेग सगळीकडे सारखा ठेवला तर तिथे ब्रेक घेता येणार नाही, कारण दुसरा भाग मोठा ठरतो. पण पहिल्या भागाला ६.२ मेगाबिट दिले आणि दुसऱ्याला ५.६, तर पहिला भाग ४.०९ जीबी होतो, दुसरा ३.८६. पहिला मोठा आणि मर्यादेच्या आतही. ब्रेक बरोबर मध्यंतरावर बसतो, आणि चित्रातला फरक डोळ्याला कळतही नाही.

बर्न चालू असताना : निम्म्यावर थांबते

हा प्रकार वेगळा. इथे पहिली गोष्ट, घाबरून लगेच दुसरी डिस्क घालू नका. सॉफ्टवेअरच्या नोंदीत चूक कोणत्या सेक्टरवर झाली तो आकडा असतो. ब्रेक कोणत्या सेक्टरवर ठेवला होता, तोही असतो. दोन्ही शेजारी शेजारी लिहा.

चूक बाराव्या लाखावर झाली असेल तर लेअर ब्रेकला दोष देऊ नका. ती साधी डिस्कची किंवा रायटरची तक्रार. पण आकडा ब्रेकचाच असेल, किंवा त्याच्या लगेच पुढचा, तर थर बदलतानाच गडबड झाली. त्या क्षणी रायटरला एकाच वेळी बरंच काही करावं लागतं. लेन्सने दुसऱ्या थरावर नजर स्थिर करायची, लेसरची शक्ती नव्याने ठरवायची, आणि ती वाढवायची, कारण पहिल्या थरातून जाताना प्रकाशाचा बराच भाग वाया जातो. आणि हे सगळं डिस्कच्या बाहेरच्या भागात, जिथे बनावटीतले दोष सर्वांत आधी दिसतात. म्हणून थकलेला लेसर किंवा धुळकट लेन्स साध्या डिस्कवर काम भागवून नेते, आणि इथे उघडी पडते.

उपाय क्रमाने करायचे, आणि एका वेळी एकच. डिस्क चांगल्या बनावटीची घ्या. बऱ्याच वर्षांपासून जाणकार मंडळी ‘एमकेएम’ या माध्यम-संकेताच्या प्लस आर डीएल डिस्क शोधतात. हा संकेत डब्यावर नसतो, डिस्क आत घातल्यावर सॉफ्टवेअर दाखवतं. मग वेग कमी करा. पण अगदी तळाला नेऊ नका : ८ पटीच्या डिस्कला ४ पट ठीक, आणि २.४ पटीच्या डिस्कला तिचा स्वतःचाच वेग. रायटरचं फर्मवेअर नवं आहे का बघा, कारण कोणत्या डिस्कला किती शक्ती लावायची ही माहिती त्यातच असते. रायटर यूएसबीचा असेल तर हब काढून थेट कॉम्प्युटरला जोडा. आणि आपल्या खिडकीचा इथेही उपयोग आहे : मजकूर थोडा कमी करून ब्रेक मध्याच्या जवळ घेतला, तर अगदी कडेपर्यंत जावंच लागत नाही.

बर्न झाल्यावर : प्लेअर अडतो

आता सर्वांत फसवा प्रकार. बर्न पूर्ण, पडताळणी पूर्ण, कॉम्प्युटरवर फिल्म छान चालते. टीव्हीच्या प्लेअरवर मात्र मध्यावर गडबड.

आधी ठरवा, गडबड म्हणजे नेमकं काय. चित्र अर्धा-एक सेकंद गोठतं आणि पुढे जातं? ही चूक नाही. बाजारातल्या छापील डिस्कवरही हे होतं. चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो, मग थांबतं? तर दुसऱ्या थराचं लेखन कमकुवत आहे. वर सांगितलेले डिस्कचे आणि वेगाचे उपाय करा. पण चित्र स्वच्छ असताना प्लेअर एकदम मेनूवर परत जातो, तेच दृश्य पुन्हा दाखवतो किंवा कायमचा थांबतो, तर संशय ब्रेकच्या जागेवर घ्या. ब्रेक सेलच्या मध्ये पडला असावा.

असं कधी होतं? व्हिडिओचं फोल्डर साधा डेटा समजून डिस्कवर टाकलं तर. बर्न करणाऱ्याला सेल म्हणजे काय हे माहीत नसतं, तो आपल्या सोयीने थर बदलतो. कॉम्प्युटरला त्याचं काही वाटत नाही, तो घाई न करता वाचतो. टीव्हीचा प्लेअर मात्र सेल सलग आहे असं धरून चाललेला असतो. दुसरं कारण : आयएसओ फाइल तयार करताना ब्रेक नीट ठरवला, पण बर्न करताना सोबतची एमडीएस फाइल वापरली नाही. ब्रेकची जागा त्या छोट्या फाइलमध्ये असते. बर्नसाठी तीच उघडायची, ती आयएसओला आपोआप सोबत घेते. फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवाल तेव्हा दोन्ही एकत्र हलवा.

एक गोष्ट राहिली. काही जुने प्लेअर ही डिस्क ओळखतच नाहीत. त्यासाठी प्लस आर डीएल डिस्कचा ‘बुक टाइप’ बर्नच्या आधी डीव्हीडी रॉम असा करून ठेवायचा, म्हणजे प्लेअरला ती छापील डिस्कसारखी वाटते. मायनस आर डीएल डिस्कवर ही सोय नाही. निवड करायची असेल तर प्लस घ्या.

कॅसेट टाकून देण्याआधी

आतापर्यंतचं सगळं एका वाक्यात सांगायचं तर, लेअर ब्रेक कुठे यावा हे बर्नचं बटण दाबण्याच्या खूप आधी, एडिटिंगच्या टेबलावर ठरवा. डिस्क साडेसात-आठ जीबीपर्यंतच भरा, खिडकी काढा, त्या खिडकीत शांत जागा शोधा, तिथे प्रकरण द्या.

डिस्क झाली की ती ज्या घरात लागणार आहे तशा प्लेअरवर लावा. सुरुवात बघून समाधान मानू नका. ब्रेकच्या दोन मिनिटं आधी जा आणि न थांबवता पाच मिनिटं बघा. मग शेवटची पाच मिनिटं बघा, कारण दुसरा थर तिथे संपतो. शक्य असेल तर दुसऱ्या बनावटीच्या प्लेअरवर हेच पुन्हा. आयएसओ आणि एमडीएस दोन्ही फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, म्हणजे डिस्क पुढेमागे खराब झाली तरी दुसरी करता येते. एवढं झाल्याशिवाय मूळ फाइल पुसायची नाही आणि कॅसेटही टाकायची नाही. तीत असलेली माणसं पुन्हा त्या वयात चित्रित करता येणार नाहीत.

आता प्रश्न घेऊ. विचारताना आपला सेक्टरचा आकडा सोबत सांगा, म्हणजे उत्तर लवकर सापडेल.