विश्लेषण : घरी बांधलेल्या विमानात हवा खेळती कशी ठेवतात?

कांदिवलीतील चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्यात त्याचे चाचणी उड्डाण झाले. अशा विमानात इंजिन आणि पंखांइतकाच विचार एका साध्या गोष्टीचाही करावा लागतो : केबिनमधली हवा.

गरज का?

उंचीवर दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरते. खरा त्रास जमिनीवर होतो. नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या दमट शहरात, मे महिन्याच्या उन्हात पारदर्शक छताखाली बसलेला वैमानिक काही मिनिटांत घामाघूम होतो. तेव्हा विमानाला वेग नसतो, त्यामुळे वारा आत शिरत नाही. म्हणून जमिनीवर उघडता येणारी खिडकी किंवा छोटा पंखा उपयोगी पडतो.

हवा आत कशी घेतात?

सोपा मार्ग म्हणजे बाहेर डोकावणारी नळी. तिच्यातून हवा भरपूर येते, पण ती वाऱ्याला अडथळा करते. दुसरा मार्ग ‘नाका’ झरोक्याचा. अमेरिकेच्या ‘नाका’ या संस्थेने १९४० च्या दशकात विकसित केलेला हा झरोका पृष्ठभागातच खोलगट कोरलेला असतो, त्यामुळे अडथळा कमी होतो. मात्र तो इंजिनाच्या धुरांड्याच्या मागे, धुराच्या वाटेत नसावा.

बाहेर जायची वाट कशाला?

भरलेल्या बाटलीत आणखी पाणी मावत नाही, तसेच हवेचे आहे. बाहेर पडायला वाट नसेल तर मोठा झरोकाही फारसा उपयोगाचा नाही. ही वाट बाहेरचा दाब कमी असेल अशा जागी ठेवतात. जागा चुकली तर हवा उलटी आत येते.

सर्वात मोठा धोका कोणता?

कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला, तर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीच्या फटींतून धूर आत ओढला जाऊ शकतो. जानेवारी २०१९ मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला यांचे विमान इंग्लिश खाडीत कोसळले. ते कारखान्यात बनलेले विमान होते. तरीही साला यांच्या रक्तातील कार्बन मोनॉक्साइडची पातळी ५८ टक्के आढळली आणि वैमानिकावरही या वायूचा परिणाम झाला असावा, असा निष्कर्ष ब्रिटिश तपास यंत्रणेने काढला.

मग निवड कशी करावी?

आधी भिंतीतील प्रत्येक तार आणि नळीभोवतीची फट उष्णतारोधक लेपाने बुजवावी. मग बाहेर जाणारी वाट ठरवावी आणि त्यानंतर झरोक्याचा आकार. शेवटी कार्बन मोनॉक्साइड ओळखून आवाज करणारे उपकरण बसवावे. गार वारा ही सोय आहे, पण शुद्ध हवा ही सुरक्षेची बाब आहे.