कापसाचा बोळा आणि कानातलं पीक

यवतमाळात दुर्गोत्सवाच्या मिरवणुकीत डीजे जवळ आला, की कोणी तरी कानात कापसाचा बोळा कोंबतंच. कापूस आपल्या जिल्ह्याचा, विश्वास बसणारच! पण साध्या कापसानं आवाज जेमतेम काही डेसिबलनं उतरतो, आणि छाती हादरवणारा खर्ज तर जवळपास तसाच आत जातो. त्यापेक्षा मेडिकलमधले फोमचे इअरप्लग नीट बसवलेले बरे.

याहून महाग पडणारा समज म्हणजे, "रात्री दडे बसले होते, सकाळी मोकळे झाले. काही झालं नाही." आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात, दर कानात सुमारे 15 हजार रोमपेशी. केसांशी त्यांचा संबंध नाही; पेशीच्या माथ्यावर बारीक तंतूंचे झुबके असतात म्हणून हे नाव. आवाजानं तंतू कलले, की त्यांच्या टोकांना जोडणारे धागे ताणले जातात, सूक्ष्म दारं उघडतात आणि मेंदूकडे संदेश निघतो. आवाज अती झाला, की वादळात ज्वारी लोळावी तसे तंतू लोळतात, धागे तुटतात. धागे एक-दोन दिवसांत पुन्हा जुळू शकतात, म्हणून सकाळी बरं वाटतं. पण फार ताण पडलेल्या पेशी पुढच्या काही दिवसांत मरतात. त्यातही आधी जातात त्या बाहेरच्या रांगांतल्या, हलका आवाज वाढवून देणाऱ्या. आणि 2009 साली कुजावा व लिबरमन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांत दाखवलं, की ऐकणं पूर्ववत झालं, पेशी शाबूत राहिल्या, तरी पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले सांधे कायमचे गेलेले असू शकतात.

"जिनिंगमध्ये वीस वर्षं काढली, कानाला सवय झाली." सवय कसली? ऐकणं कमी झालं. बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास आधी खड्डा पडतो, मग नातवाचं बोलणं ऐकू येतं पण कळत नाही.

कान दुखायला साधारण 120 डेसिबल लागतात. नुकसानीला 85 डेसिबलचे आठ तास पुरतात. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं.

तेल टाकून उपयोग नाही. पडद्याच्या पलीकडे ते पोचतच नाही. कोंबडीच्या कानात मेलेल्या रोमपेशींच्या जागी नव्या उगवतात, माणसाच्या नाही. तेव्हा ऐकू येणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी, आणि दडे किंवा कुईऽऽ आवाज दुसऱ्या दिवशीही राहिला तर लगेच, कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तो विभाग आहे.