दारू सुटल्यावरची भीती

दारू सोडली म्हणजे जिवाला लगेच आराम पडेल, असे आपल्याला वाटते. पण आम्ही पुष्कळ घरी उलटेच पाहतो. पहिल्या रात्री झोप येत नाही. हात कापतात, घाम सुटतो, छातीत धडधडते. कोणी दार वाजवले तरी माणूस दचकतो. मग म्हणतो, "पीत होतो तेच बरं होतं!" आणि पुन्हा गुत्त्याची वाट धरतो.

ही भीती येते कुठून? दारू मेंदूला गुंगवते. रोज गुंगी चढू लागली, की आपले काम चालावे म्हणून मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. दोघे एका दाराला दोन बाजूंनी रेटत आहेत आणि एक जण एकदम बाजूला झाला, तर दुसरा तोंडघशी पडतो. तसेच हे. दारू गेली, पण मेंदूचा जोर काही दिवस तसाच राहतो.

शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हा त्रास सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतो. बहुधा आठवड्याभरात ओसरतो. मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला आकडी येऊ शकते. कोणाला भिंतीवर किडे दिसतात, कोणाला हाका ऐकू येतात. घरचे म्हणतात, "बाहेरची बाधा झाली," आणि देवऋषाकडे नेतात. अंगाऱ्याने हे उतरत नाही, आणि उपचाराविना जीवही जातो! अशा माणसाने एकदम दारू बंद करू नये. आधी दवाखाना गाठावा, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. ते शांत करणारे औषध देतात, ब जीवनसत्त्वही देतात.

अंग बरे झाले, की दुसरी भीती पुढे येते. सावकाराचे देणे. भावकीची तोंडे. "उद्या पुन्हा प्यायलो तर?" ही भीती खोटी नव्हे. म्हणून तिला "भिऊ नको" एवढे म्हणून भागत नाही.

अमेरिकेतले बिल विल्सन यांचेच पाहा. १९३५ साली ते कामासाठी ॲक्रन गावी गेले. दारू सोडून थोडेच महिने झाले होते. काम फसले. ते हॉटेलात एकटे होते, आणि जवळच दारूचा बार. त्यांना स्वतःचीच भीती वाटली. बारमध्ये न जाता त्यांनी फोन उचलला, आणि आपल्यासारखाच दुसरा पिणारा शोधला. ते होते डॉ. बॉब स्मिथ. त्या दोघांच्या बोलण्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' उभे राहिले. त्यांच्या सभा आपल्याकडेही भरतात, फी नसते. तिथे जन्मभराची शपथ घालत नाहीत. आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच ठरवायचे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' काढले. तिथेही व्यसनातून सुटलेली माणसे नव्याने आलेल्यांना धीर देतात.

आठवड्याची मजुरी मिळते तो दिवस सर्वांत अवघड. त्या दिवशी उपाशीपोटी निघू नये, भुकेने तलफ वाढते. गुत्त्यावरून जाणारा रस्ता सोडावा, लांब पडला तरी चालेल. बायको किंवा भाऊ न्यायला आला, तर लाज कसली? पैसे त्यांच्या हाती द्यावेत आणि सोबतच घरी यावे.