दारची शेळी, गटाची पेटी

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हा उपदेश आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्याच्या घरी पहिल्या तारखेला पगार येतो, त्याला तो लागूही पडतो. आलेल्या रकमेतून किराणा, दूध, शाळेची फी, वीजबिल वजा करायचे आणि उरेल ते पोस्टात नाहीतर बँकेत टाकायचे, एवढेच त्याचे बचतशास्त्र. पण ज्यांचे अंथरूणच पावसाच्या मर्जीने लहानमोठे होते, त्यांनी पाय कसे पसरावेत? धाराशिव, म्हणजे २०२३ पर्यंतच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायकांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने शोधले आहे. शहरातल्या संसारानेही ते समजून घ्यावे असे आहे.

हा जिल्हा अवर्षणाचा. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ ची टंचाई तर तरुणांनीही सोसली. कोरडवाहू शेतीचा पैसा वर्षातून एकदा, फार तर दोनदा हाती येतो. खर्च मात्र रोजचा असतो. पेरणीच्या तोंडावर घरातली गाठ सुटते, त्याच वेळी शाळा उघडतात आणि पहिल्या पावसाबरोबर आजारपणही येते. अशा वेळी दोनच वाटा उरतात. एक सावकाराच्या ओट्याकडे जाते, दुसरी आपल्याच दावणीकडे.

या दावणीला जी बांधलेली असते, ती उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याच्या नावाने सबंध देशात ओळखली जाणारी ही जात. रंग बहुधा काळाकुळकुळीत, कान लांब आणि लोंबते, अंगाने काटक, उन्हाला न डगमगणारी. तिचा मोठा गुण म्हणजे जुळी करडे देण्याची वृत्ती. गाभणकाळ पाच महिन्यांचा. निगा नीट राखली तर दोन वर्षांत तीन वेते मिळतात. घरच्या लेकरांपुरते दूध होते, लेंड्यांचे खत शेताला जाते आणि अडीनडीला एखादा बोकड आठवडी बाजारात उभा केला की संध्याकाळी रोख पैसा हातात. गाय-म्हैस विकायची तर घर हादरते. शेळीचे तसे नाही. लागेल तेवढीच रक्कम मोडता येते. म्हणूनच तिला 'गरिबाची गाय' म्हणतात.

जिला शेळी विकत घेणेही झेपत नाही, तिच्यासाठी अर्धेलीची जुनी रीत आहे. शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा, आणि होणाऱ्या करडांत दोघांचा वाटा. दोनेक वर्षांत सांभाळणारीच्या दारीही स्वतःची शेळी उभी राहते. भांडवलावाचून सुरू होणारे धंदे फार थोडे. हा त्यांतला एक.

मात्र 'सोपा धंदा' म्हणजे 'बिनकष्टाचा धंदा' नव्हे. शेळी पावसाला फार भिते. गोठा उंचावर आणि कोरडा हवा. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी लागते, पीपीआरची लस चुकवून चालत नाही, आणि जंतांचे औषध ठरल्या वेळी द्यावे लागते. बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा लावला तर उन्हाळ्यात चाऱ्यासाठी वणवण कमी होते. कळपातलाच बोकड पैदाशीला वर्षानुवर्षे ठेवला, तर पुढची पिढी खुरटी निघते. म्हणून दर दोन वर्षांनी तो बदलावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कितीही अडचण आली तरी चांगली दुभती, जुळी देणारी शेळी विकू नये. बोकड विकणे म्हणजे व्याज खाणे. शेळी विकणे म्हणजे मुद्दल खाणे. हा फरक ज्या घराला कळला, ते घर सावरले.

मग प्रश्न येतो तो आलेला पैसा राखण्याचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांना भूकंपाने हादरवले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे मरण पावली, घरे मातीला मिळाली. पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या बायका पहिल्यांदाच घराबाहेर पडून बैठकांना बसल्या, बांधकामावर देखरेख करू लागल्या. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यांना एकत्र आणले, आणि घरे उभी राहिल्यावरही या बायका पांगल्या नाहीत. त्यांचे बचत गट झाले. नाबार्डने १९९२ साली गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला होताच; पुढे महिला आर्थिक विकास महामंडळ आणि नंतर 'उमेद' यांमुळे ही चळवळ राज्यभर पसरली. बांगलादेशात ग्रामीण बँकेच्या मुहम्मद युनूस यांना २००६ साली शांततेचे नोबेल मिळाले, ते अशाच छोट्या कर्जांच्या कामासाठी.

गटाचा हिशेब अगदी साधा आहे. वीस जणींनी महिन्याला शंभर रुपये टाकले, तर वर्षाला चोवीस हजार रुपये जमतात. समजा, एकीला पाच हजारांची नड आहे. सावकार शेकडा पाच रुपये महिना लावत असेल, तर महिन्याला अडीचशे आणि वर्षाला तीन हजार रुपये नुसते व्याज जाते; मुद्दल तसेच डोक्यावर. गटाने शेकडा दोन लावले, तर व्याज होते वर्षाला बाराशे. आणि हे बाराशेही गटाच्याच पेटीत, म्हणजे फिरून तिच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या पदरात पडतात. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, नियमित फेड आणि चोख हिशेब, ही गटाची पंचसूत्री. यातले एक सूत्र ढिले पडले की गट मोडतो. तो बहुधा बचत थांबल्यामुळे मोडत नाही, हिशेब सगळ्यांसमोर वाचून दाखवणे थांबल्यामुळे मोडतो.

खर्च वाचवणे हीदेखील कमाईच. या जिल्ह्यातल्या अनेक शेतकरी बायकांनी घरच्या जमिनीतला एक एकर, कुठे अर्धाच, स्वतःसाठी मागून घेतला. त्यात ऊस-सोयाबीनऐवजी डाळी, ज्वारी-बाजरी, पालेभाज्या अशी खाण्याची मिश्र पिके लावली. गांडूळखत घरचे, बियाणे शक्यतो घरचे, पाणी बेताचे. विकण्याजोगे निघेल ते निघेल, पण भाजी आणि डाळ विकत आणणे थांबले आणि ताटही भरले. या कामाची दखल २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या 'इक्वेटर' पुरस्काराने घेतली. ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांना धुण्याभांड्याच्या पाण्यावर परसबाग फुलवता येते. ज्यांना परसही नाही, त्यांना गच्चीतल्या कुंड्यांत मेथी-कोथिंबीर, मिरची पिकवता येते.

याच जिल्ह्यातल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनी बांगड्या विकण्यापासून सुरुवात केली. एका धंद्यावर न विसंबता त्यांनी कोंबड्या, शेळ्या असे एकेक जोडत नेले, इतर बायकांनाही त्यात ओढले. २०२१ चा नारीशक्ती पुरस्कार त्यांना मिळाला. सगळी अंडी एका टोपलीत न ठेवण्याचे शहाणपण त्यांनी खऱ्याखुऱ्या अंड्यांवरच सिद्ध केले, असे म्हणायला हरकत नाही!

याच्या उलट अनुभवही महाराष्ट्राने घेतला आहे. 'पक्षी आम्ही देतो, अंडी आम्हीच परत घेतो, तुम्ही फक्त पैसे भरा' अशा बोलीवर मध्यंतरी इमूपालनाची लाट आली आणि ओसरली. २०१९ साली कडकनाथ कोंबड्यांच्या एका योजनेत पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे अडकले. घरबसल्या कमाईच्या जाहिराती आजही येतात; यंत्र घ्या, माल आम्ही उचलू. अशा वेळी एकच प्रश्न विचारावा. हा माल माझ्या गावच्या बाजारात, माझ्या ओळखीचा माणूस विकत घेईल काय? शेळीला, कोंबडीला, भूम-कुंथलगिरीकडच्या खव्याला गिऱ्हाईक आधीपासून आहे. ज्याला एकच गिऱ्हाईक आहे आणि तेच आपल्याकडून आधी पैसे मागते, तो धंदा आपला नव्हे, त्याचा आहे.

शेवटी एक मुद्दा, तोही घरातल्याच माणसांसाठी. शेळीला चारा आणते ती घरची बाई, गोठा झाडते ती, करडू आजारी पडले तर रात्र जागते तीही. बाजारात दोर मात्र पुरुषाच्या हातात असतो आणि पैसा त्याच्या खिशात पडतो. अशा घरात जोडधंदा वाढला की बाईचे कष्टच तेवढे वाढतात. गटाच्या वहीत तिचे नाव, बँकेच्या पासबुकावर तिची सही आणि बोकड कधी विकायचा या निर्णयात तिचा शब्द, एवढे झाले तरच वरकमाई ही घराची बरकत ठरते. कारण तिच्या हातचा पैसा बहुधा दप्तराकडे, दवाखान्याकडे आणि धान्याच्या कणगीकडेच जातो.

तेव्हा या रविवारी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून एक वही उघडावी. वरकमाईची एक गोष्ट, खर्च वाचवण्याची एक गोष्ट आणि महिन्याला बाजूला काढायची एक ठरावीक रक्कम, एवढ्या तीनच ओळी लिहाव्यात. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दर महिन्याला पडली पाहिजे आणि वही सगळ्यांना वाचता आली पाहिजे.