मुद्रणशीर्ष, प्रकाश-उत्सर्जक
विद्युत् भारित प्रकाशसंवेदी दंडगोलावर प्रतिमा उमटविणारी, कागदाच्या रुंदीएवढी, सूक्ष्म प्रकाश-उत्सर्जक डायोडांची (एलईडींची) पट्टी. प्रकाश पडेल तेथे रंगचूर्ण चिकटते. दर इंचास 600 ठिपके उमटविणाऱ्या शीर्षात लगतच्या डायोडांमधील अंतर सु. 42 मायक्रोमीटर असते व ए-4 कागदासाठी सु. 5,000 डायोड लागतात. त्यांचा प्रकाश दंडकभिंगांच्या रांगेतून दंडगोलावर केंद्रित होतो.

लेसर मुद्रकात सामान्यतः एकच शलाका फिरत्या बहुभुजी आरशाने संपूर्ण ओळीवर नेली जाते. येथे मात्र प्रत्येक ठिपक्याचा उद्‌गम वेगळा असतो. एखादा डायोड मंद असल्यास त्याचा दोष प्रत्येक ओळीत त्याच जागी येतो आणि कागदाच्या गतीच्या दिशेने रेघ दिसते. मजकुरात ती लपते. छायाचित्राच्या करड्या छटांत मात्र डोळ्यास लगेच खटकते. त्यामुळे गुणवत्तेचा खरा प्रश्न ठिपक्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या सारखेपणाचा आहे.

यासाठी कारखान्यात प्रत्येक डायोडाचा प्रकाश मोजून दुरुस्तीचे अंक स्मृतीत साठवितात व त्यांनुसार विद्युत् प्रवाह किंवा प्रकाशनकाल बदलतात. एवढ्याने रेघा पूर्णपणे जातातच असे नाही. कारण भिंगांतील फरकांमुळे प्रकाश समान असूनही ठिपक्याचा आकार बदलतो व तोही हिशेबात घ्यावा लागतो. शिवाय डायोड तापला म्हणजे त्याचा प्रकाश घटतो. शीर्ष व दंडगोल यांतील अंतर किंचित बदलले, तरी ठिपका पसरट होतो. वापरातील मुद्रकात अचानक पांढरी रेघ उमटू लागल्यास बहुधा भिंगावर धूळ वा रंगचूर्ण साचलेले असते. मऊ, कोरड्या कापडाने पुसल्यास ती नाहीशी होते.